आत्याने जपलेलं झाकण

आमच्या घरात राग सगळ्यांनाच येतो, टिकत मात्र कोणाचाच नाही. वडील सकाळी भडकतात आणि दुपारपर्यंत कशावरून भडकलो तेच विसरतात. आई भांडता भांडता मध्येच हसते, मग भांडणात दम राहत नाही. डूख धरायची कला देवाने एकट्या आत्याला दिली आणि देताना हात अजिबात आखडता घेतला नाही.

आत्या शर्टाच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होती. तिच्या हाताखालून शर्ट गेला की थेट खोक्यात. उसवलेला टाका, अर्ध्या दोऱ्याने उंच लागलेलं बटण, कॉलरचं एक टोक दुसऱ्यापेक्षा जरा लांब, काही म्हणून तिच्या नजरेतून सुटत नसे. शिवणाऱ्या बायका तिला मागून ‘भिंग’ म्हणायच्या. तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं. घरीही तीच तऱ्हा. मी परीक्षेत पहिली आले तेव्हा तिने गुणपत्रिका हातात घेतली, नावातली चूक दाखवली आणि मग शाबासकी दिली.

लग्न तिने केलं नाही. आजोबांना सांभाळलं. खरं तर आजोबांनी तिला सांभाळलं असंही म्हणता येईल, कारण तिचा राग उतरवणारा जगात तो एकच माणूस होता. ती फणफणत आली की ते चष्मा पुसत म्हणायचे, ‘‘झालं का? आता जेव.’’ आणि ती जेवायची.

आम्ही ज्यू, आमच्याकडे कोशर पाळतात. म्हणजे मांस ठरलेल्या रीतीने कापलेलंच लागतं, मांस आणि दूध एका ताटात येत नाही, दोन्हींची भांडी वेगळी. आम्ही बाकीचे पाळतो ते आपले बेताने, जमेल तसं. आजोबांनी मात्र ऐंशी वर्षं एक घास इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. सैन्यात असताना तीन महिने नुसत्या ब्रेडवर आणि सफरचंदावर काढले होते. त्याची फुशारकी त्यांनी कधी मारली नाही. आम्हाला ते आत्याकडून कळलं, आणि तिने मात्र भरपूर मारली.

मी बारा वर्षांची झाले तेव्हा हट्ट धरला की मला थीम पार्कला जायचंय आणि आजोबांनीही यायचंच. वडिलांना सुट्टी नव्हती, म्हणून आत्या, आजोबा आणि मी असे तिघे निघालो. पार्कच्या उपाहारगृहात कोशर जेवण मिळतं, पण दोन दिवस आधी कळवावं लागतं, असं पत्रकात छापलं होतं. हे जेवण बाहेरच्या कोशर कारखान्यातून बंद होऊन येतं. ताटलीवर दोन वेष्टनं आणि प्रत्येक वेष्टनावर सील. दोन वेष्टनं असली की कुठल्याही ओव्हनमध्ये गरम केलं तरी चालतं. फक्त सील जेवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तुटलं पाहिजे. आत्याने तीनदा फोन केला. ‘तीन जेवणं’ हे तिने तिन्ही वेळा सांगितलं. पुढे कितीतरी वर्षं ती हे इतक्या वेळा सांगत राहिली की मला ते पाढ्यासारखं पाठ झालं.

दुपारी दोन वाजता आम्ही टेबलावर बसलो. मी आजोबांना सकाळपासून फिरवून दमवलं होतं. नावेत बसवलं, घोड्यावर बसवलं, त्यांना भोवळ येईपर्यंत गोल गोल नेलं. भुकेने त्यांचा चेहरा उतरला होता. आजोबा आणि मी हात धुऊन आलो, मग आत्या गेली. बायकांच्या बाजूला ही लांब रांग.

तेवढ्यात उपाहारगृहाचा मॅनेजर स्वतः जेवण घेऊन आला. तरुण होता, कोटाला ‘हसत राहा’ असा बिल्ला, आणि तो बिल्ल्याचं ऐकायचा. दोन ताटल्या सीलबंद होत्या. तिसरीवर नुसतं फॉइलचं झाकण होतं, कडेने दुमडलेलं. ‘‘आजोबांचे हात थरथरतायत ना,’’ तो म्हणाला, ‘‘म्हणून त्यांचं मीच उघडून आणलं. त्रास नको उगाच.’’

आजोबा भले गृहस्थ, समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवणारे. त्यांनी त्याचे आभार मानले, आशीर्वाद दिला आणि जेवायला घेतलं.

आत्या आली तेव्हा अर्धी ताटली संपली होती. ती बसलीसुद्धा नाही. तिने झाकण उचललं, उलटं केलं, कडा पाहिली. मग आजोबांचा काटा घेऊन खिमा जरा बाजूला सारला. खाली चीजचा थर होता. पांढरा, तार सुटणारा. कोशर कारखाना खिम्यात चीज घालणं शक्यच नाही. जेवणं दोनच आली होती, आणि तिसरं त्याने आपल्या रोजच्या भांड्यातून वाढून आणलं होतं.

आजोबांनी चमचा खाली ठेवला.  रुमालाने तोंड पुसलं आणि रुमाल बराच वेळ तोंडावरच धरून बसले.

आत्याने मॅनेजरला बोलावलं. तो हसतच आला. आधी म्हणाला, तसं काही नाही. मग म्हणाला, गडबडीत झालं असेल. शेवटी आत्या आवाज चढवायला लागली तेव्हा इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, ‘‘अहो मॅडम, चव तर सारखीच ना? त्यांना तरी कुठे कळलं होतं?’’ आणि माझ्या हातात पाळण्याचा एक फुकट पास ठेवला.

‘त्यांना तरी कुठे कळलं होतं.’ हे शब्द आत्याने घरी आणले. आणि ते झाकणही आणलं. धुऊन, पुसून, चौकोनी घडी घालून तिने ते बिस्किटाच्या जुन्या डब्यात, बटणांच्या खाली ठेवलं.

आमच्या धर्मगुरूंनी आजोबांना समजावलं, नकळत घडलं, तुमचा काही दोष नाही. आजोबांनी मान डोलावली. आत्याला म्हणाले, ‘‘जाऊ दे, पोरगा होता तो.’’ पण त्या दिवसापासून त्यांचं एक सुरू झालं. ताट समोर आलं की ते आधी ताटाकडे बघायचे, मग वर आत्याकडे बघायचे, आणि तिने मान हलवली की पहिला घास घ्यायचे. आत्याच्या घरात, आत्याने रांधलेलं, आत्याने वाढलेलं. चाळीस वर्षं जिच्या हातचं डोळे मिटून खाल्लं, तिच्याकडे ते आता रोज दोन वेळा असं बघायचे. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. शेवटची पेज पितानाही त्यांनी वर बघितलं होतं.

लोक म्हणतात, एका घासाने काय होतं. मला अशा लोकांना आत्याच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवावंसं वाटतं, आजोबांच्या खुर्चीसमोर.

आता माझी गोष्ट सांगते, जी मी कोणालाच सांगितली नव्हती. झाकण मी बघितलं होतं. आमच्या दोघींच्या ताटल्यांवर निळी सीलं होती आणि आजोबांच्या झाकणावर काहीच नव्हतं, हे मला दिसलं होतं. बारा वर्षांची म्हणजे काही कुकुल्लं बाळ नव्हते मी. सीलं कशी बघायची हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. पण तीन वाजता मोठ्या पाळण्याची रांग सुरू होणार होती, आणि मी बोलले असते तर भांडण झालं असतं, वेळ गेला असता. म्हणून मी माझं सील फोडलं आणि भराभर जेवले.

आत्याने सूड घ्यायचं ठरवलं. हा शब्द तिचाच आहे, मी पदरचा घालत नाही. दरवर्षी त्याच तारखेला ती पार्कला एक पत्र पाठवायची, मजकूर तोच, फक्त तारीख नवी. दरवर्षी उत्तर यायचं, ‘आम्ही दिलगीर आहोत’, आणि सोबत सवलतीचं कूपन. कूपनाचे ती इतके बारीक तुकडे करायची की ते झाडून काढायला मला लागायचं. पत्रांनी काही होत नाही असं दिसल्यावर तिने शर्टाचा कारखाना सोडला, आमच्या समाजाच्या मंडळाचं शिक्षण घेतलं आणि कोशर स्वयंपाकघरं तपासायला लागली. बेकऱ्या, हॉस्पिटलं, विमानात जेवण पुरवणारे. शर्टावरचं भिंग आता पानांवर आणि पिठावर आलं. भल्या भल्या आचाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळायचं.

तिला नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. मी गाडी शिकले त्याच आठवड्यात तिने जाहीर केलं, ‘‘मला हीच सोडेल.’’ तिच्या घरासमोर बस थांबते, अगदी फाटकाला लागून. पण बसला म्हणे वास येतो. माझा धाकटा भाऊ हौसेने तयार होता, तर म्हणे तो जोरात चालवतो. माझं ऑफिस कुठल्याही स्वयंपाकघराच्या उलट दिशेला. म्हातारपणाची खोड म्हणून मी दात-ओठ खात गाडी काढायची.

त्या दुपारनंतर अकराव्या वर्षी मंडळाकडे अर्ज आला. थीम पार्कला स्वतःचा कोशर कक्ष काढायचा होता. तपासणीला आत्या गेली, अर्थात माझ्या गाडीतून. डबा मांडीवर होता.

दारात तोच उभा. कोट आता भारी, केस विरळ, बिल्ला तोच. पार्कमधल्या सगळ्या उपाहारगृहांचा प्रमुख झाला होता. त्याने हसून आमचं स्वागत केलं. ओळखलं नाही.

आत्याने चार तास तपासणी केली. एवढं मन लावून तिने आयुष्यात कधी दोष शोधला नसेल. फ्रिजच्या रबरी पट्ट्या बोटाने उचकटून पाहिल्या. पीठ चाळलं. कोबीचं पान पान उजेडासमोर धरलं, कीड सापडेल म्हणून, कारण कीड पोटात गेली तरी कोशर मोडतं. ओव्हनच्या मागे डोकं घातलं. मी मनातून तिला जोर देत होते. एक डाग, एक झुरळ, एक दुधाचा चमचा. काही नाही. सगळं नवंकोरं, नियमाला धरून, चकचकीत.

‘‘लिही ना काहीतरी,’’ मी तिच्या कानात म्हटलं. ‘‘कोण बघतंय?’’

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरले. ‘‘जेवणाबद्दल खोटं लिहू? मी?’’ ती म्हणाली. ‘‘मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?’’

मग तिने डबा उघडला, बटणं सारली, झाकणाची घडी उलगडली आणि त्याच्यापुढे धरली. ‘‘हे ओळखता?’’

त्याने पाहिलं. नम्रपणे पाहिलं, उलटसुलट करून पाहिलं. ‘‘फॉइल आहे मॅडम,’’ तो म्हणाला. ‘‘आमच्याकडे हल्ली याहून जाड वापरतात.’’

त्याला काहीच आठवत नव्हतं. नाटक नव्हतं ते. आत्या अकरा वर्षं ज्याला रोज उठून शिव्या घालत होती, त्याच्या डोक्यात आजोबांची नखाएवढीही जागा नव्हती. गाडीत बसल्यावर तिचा चेहरा लाल झाला होता. ‘‘ज्याला कळतच नाही त्याला शिक्षा कशी द्यायची?’’ ती म्हणाली. दोन सिग्नल गेले. मग म्हणाली, ‘‘आधी शिकवावं लागेल.’’

तिने मंजुरीवर सही केली, आणि खाली ‘देखरेख कोण करणार’ या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.

कोशर स्वयंपाकघराची किल्ली मालकाकडे नसते, देखरेख करणाऱ्याकडे असते. ओव्हनही त्यानेच पेटवायचा. आणि पार्कच्या जबाबदार अधिकाऱ्याला, म्हणजे त्या मॅनेजरला, बाकीचं सगळं काम हाताने करता आलं पाहिजे, ही अट मंडळाच्या नियमातच होती. आत्याने त्या अटीचा पुरेपूर उपयोग केला. रोज सकाळी सातला तो आपल्याच स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहायचा आणि आत्या आली की विचारायचा, ‘‘येऊ का?’’ पहिल्या दिवशी मांसाच्या त्या स्वयंपाकघरात दूध घातलेली कॉफी घेऊन आला, तर तिने कपासकट बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी कॉफी संपवून आला, तर मिशीला लागलेला फेस दाखवून परत पाठवला. तिने त्याला पानं निवडायला बसवलं. तासाभराने तो उठला, की ती ढिगातून नेमकं एक पान उचलायची, उजेडासमोर धरायची, त्यावरचं टाचणीच्या टोकाएवढा हिरवा किडा दाखवायची आणि अख्खा ढीग परत धुवायला लावायची. त्याच्या हाताखालची माणसं काचेतून बघायची. शंभर उपाहारसेवकांचा साहेब टोपी घालून कोबी धुतोय.

मला या सगळ्याची फार मजा वाटायची, हे कबूल करते. संध्याकाळी गाडीत बसल्यावर मी रोज विचारायची, ‘‘आज काय केलंस त्याला?’’ आणि ती सविस्तर सांगायची. शनिवार आमचा विश्रांतीचा वार, कक्ष बंद असायचा. शनिवारी मला चुकल्यासारखं व्हायचं.

तो टिकला, हे मात्र खरं. नोकरी जाईल म्हणून टिकला की हट्टाने, कोण जाणे. चौथ्या महिन्यात तो न सांगता सीलं मोजायला लागला. पाचव्या महिन्यात त्याने स्वतःच एक पेटी परत पाठवली, कारण त्यातल्या एकावरचं सील तिरकं बसलं होतं. आत्या म्हणाली, ‘‘डोळा तयार होतोय.’’ कसायाने बोकडाचं वजन बघावं तशी ती म्हणाली.

सहाव्या महिन्यात, एका दुपारी, मी जरा लवकर न्यायला गेले होते. खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ आले, सोबत त्यांची मुलगी. म्हाताऱ्यांचे हात थरथरत होते. गरम करणाऱ्या मुलीने ताटली पुढे केली, ती उघडीच. ‘‘तुम्हाला त्रास नको म्हणून मीच काढलं वेष्टन,’’ ती म्हणाली. चांगल्या मनाने म्हणाली.

आत्या आत होती. ती पुढे येणार एवढ्यात मॅनेजरने ताटली मागे ओढली. ‘‘हे देता येणार नाही,’’ तो म्हणाला. ‘‘यांनी सील बघितलेलं नाही.’’ तो आत गेला, दुसरी ताटली घेऊन आला, म्हाताऱ्यांसमोर वाकला आणि सावकाश म्हणाला, ‘‘आजोबा, हे बघा, एक सील. हे दुसरं. दिसतंय? आता सांगाल तेव्हा मी तुमच्यासमोर उघडतो.’’ म्हाताऱ्यांनी थरथरत्या बोटाने सील चाचपलं आणि मान हलवली.

त्याने वेष्टन फाडलं. आणि ते हातात धरून तो तसाच उभा राहिला. म्हातारे जेवायला बसले, रांग पुढे सरकली, लोक त्याला वळसा घालून गेले, तरी तो त्या म्हाताऱ्यांच्या हातांकडे बघत उभा होता. त्याचं हसू गेलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आत येऊन तो म्हणाला, ‘‘ते फॉइल... परत दाखवता?’’

आत्याने डबा काढला. त्याने या वेळी झाकणाला हात लावला नाही. ‘‘शेवटचा फोन मीच घेतला होता,’’ तो म्हणाला. ‘‘तीनऐवजी दोन लिहिले. साहेब ओरडले असते. ते... ते जेवताना मला आशीर्वाद देत होते हो.’’ त्याने टोपी काढली. ‘‘मला माफ करा.’’

इतकी वर्षं आम्ही ज्याची वाट पाहिली ते समोर उभं होतं, टोपी हातात घेऊन. मला वाटलं, आत्या आता रडेल, किंवा त्याला झोडपेल.

ती झाकणाची घडी घालत होती. ‘‘माफी माझ्याकडे नाही,’’ ती म्हणाली. ‘‘ज्यांच्याकडे होती ते गेले. ते तर त्याच दिवशी द्यायला तयार होते. तुम्ही मागितली नाहीत.’’

‘‘मग मी काय करू?’’

‘‘काही करू शकत नाही तुम्ही. उद्या सातला या. कोबी आहे.’’

घरी परतताना ती खिडकीबाहेर बघत होती. मी एक वळण चुकले. त्याची कीव आली म्हणून नाही. आली नाही, खरंच सांगते. पण त्याने सांगून टाकलं होतं आणि माझं अजून पोटातच होतं. शेवटच्या वळणावर मला राहवलं नाही.

‘‘आत्या,’’ मी म्हटलं, ‘‘तेव्हा ना, मी झाकण बघितलं होतं. सील नव्हतं ते मला दिसलं होतं. पाळण्यासाठी गप्प बसले.’’

ती वळलीसुद्धा नाही. ‘‘माहीत आहे,’’ म्हणाली.

‘‘कधीपासून?’’

‘‘तेव्हापासून. तुझं निळं सील तू बाबांकडे पाठ करून फोडलं होतंस, त्यांनीच सांगितलं मला. हिला कधी विचारू नकोस, म्हणाले. म्हणून विचारलं नाही.’’

गाडी तिच्या फाटकाशी थांबली. समोर बस उभी होती, रिकामी, स्वच्छ, दारं उघडी. ती त्या बसकडे बघत होती, आणि मीही. पाच वर्षांच्या सगळ्या सकाळी माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या.

आत्या उतरली, डबा काखेत घेतला आणि दार लावण्याआधी आत वाकली.

‘‘उद्या सव्वासहाला ये,’’ ती म्हणाली. ‘‘उशीर करू नकोस.’’